सहा मिनिटांचा हिशेब

आमच्या आत्याचा नातू मुंबईत, लोअर परळच्या एका बड्या लॉ फर्ममध्ये वकील आहे. आमच्या गावी, बन्नूरला, वकील म्हणजे काळा कोट आणि पुढची तारीख. इथली भांडणं टी. नरसीपूरच्या कोर्टात जातात आणि वकीलसाहेब दिवेलागणीला घरी असतात. हा मात्र कोट घालत नाही, कोर्टाची पायरी चढत नाही आणि पहाटे तीनला घरी जातो. "नक्की वकीलच आहे ना रे?" आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं.

बन्नूरचं नाव झालं ते आखूड पायांच्या, भरल्या अंगाच्या मेंढ्यांमुळे. "मेंढरं राखणाऱ्यालासुद्धा दिवस बुडाला की घर आठवतं," आत्या म्हणाली, "याला का आठवत नाही?"

मी समजावू लागलो. एक कंपनी दुसरी विकत घेते, तेव्हा करार, कर्जं, खटले, परवाने अशी हजारो पानं कुणीतरी वाचायची असतात. पार्टनरचा तास महाग, म्हणून वाचतो नवा पोरगा. अशिलाला सगळं उद्या सकाळी हवं असतं. समोरची फर्म रात्री अकराला मसुद्यात बदल सुचवते, ही दोनला उलटे बदल पाठवते. ते जागे म्हणून हे जागे, आणि हे जागे म्हणून ते जागे.

"मग दोघांनी मिळून झोपायचं ठरवावं," आत्या म्हणाली. एवढा सरळ तह कुठल्याही फर्मला अजून सुचलेला नाही.

खरी गोम वेगळीच. बोस्टनच्या हेल अँड डॉर फर्ममधले रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला वकिलाच्या तासाचे दहा तुकडे पाडले. सहा मिनिटांचा एक तुकडा, प्रत्येकाची नोंद टाइमशीटवर. याच गृहस्थांनी 1919 साली गरिबांना न्याय कसा मिळत नाही यावर ग्रंथ लिहिला होता. तरुण वकिलांना झोप कशी मिळत नाही, हा पुढचा खंड राहून गेला. 1958 मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं वर्षाला सुमारे 1300 तासांचं बिल पुरेसं मानलं. आता तिथल्या बड्या फर्म दोन हजारांच्या आसपास मागतात.

"म्हणजे रेंगाळलं की जास्त पैसे?" आत्यानं बरोब्बर पकडलं.

पण आपल्याकडचा अशील त्याहून वस्ताद. तो आधीच ठोक रक्कम ठरवतो. मग फर्म तिघांचं काम दोघांवर टाकते. तासावर पैसे असले तर तास वाढवायचे, ठोक असले तर माणसं कमी करायची; रात्र दोन्हीकडून पोराचीच जाते.

"याला कायदा नाही?"

आहे की. 1948 चा कारखाना कायदा तर 2025 पर्यंत आठवड्याला 48 तासांवर थांबायचा, पण तो होता कारखान्यातल्या कामगारांसाठी. अशिलाच्या कारखान्यात कामगार कायदा पाळला जातो की नाही, हे आत्याचा नातू रात्री दीड वाजता तपासतो. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या गिरण्यांच्या जमिनींवर आता काचेचे टॉवर आहेत आणि त्यांतले दिवे रविवारीही जळतात. या वकिलांनाही रविवार मागता येईल. मागणीचा मसुदा त्यांच्याइतका चोख दुसरं कोण लिहिणार? पण त्या कामाचं बिल कुणाच्या नावावर लावायचं ते ठरत नाही, म्हणून तो अजून कुणी लिहायला घेतलेला नाही.