दोन रात्रींचा पाहुणा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. मुक्काम एका दिवसाचा. तरी ते काढायला पांढुर्णा आणि सावरगावला दिवसभर गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, करावी लागते.

आमच्या माडीवरचे साहेब तर गेल्या पोळ्यापासून आहेत. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आम्हीही होमस्टेची पाटी लावली. साहेब ‘फक्त दोन रात्री’ म्हणून उतरले. महिन्याभरात तुळशीशेजारी त्यांचा कढीपत्ता आला, मग सिलिंडर, मग आमच्याच पत्त्यावर त्यांचं आधार कार्ड. (आमचं अजून जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचंच आहे.) रोजचं भाडं मागितलं तर म्हणतात, “काकाजी, घरच्या माणसाकडून रोजानं पैसे घेता काय?”

काल सौंसरहून त्यांचे मेव्हणे आले. दोन रात्रींसाठी.