फाटला की सांग

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी ज्यांची नजर त्याच्या शर्टाच्या कॉलरवर जाते, तशा. आमच्याकडच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी त्यांना काकू म्हणतो. बाकीचे माघारी काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण त्यात 'चिंधी' हा शब्द येतो.

लग्नाला गेलो होतो. काकू स्टेजवर चढल्या, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं, मग त्याच्या शेरवानीचं टोक चिमटीत धरून चोळून बघितलं आणि आशीर्वाद दिला, "छान आहे. फाटली की सांग."

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बायपास करून घरी आले, तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. काकूंनी झोप विचारली, पथ्य विचारलं, आणि उठता उठता हात पांघरुणाकडे गेला. आजोबा घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, अजून फाटलेलं नाही हो!" पांघरुणाबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, ते कुणाला कळलं नाही.

बोहारीण आमच्या गल्लीत येते, पण आमच्या फाटकाशी तिचा आवाज बंद होतो. स्टीलचं पातेलं पुढे करूनही तिला जे मिळत नाही, ते काकू फुकट नेतात हे तिला कळून चुकलंय.

पूर्वी या चिंध्यांच्या साध्या गोधड्या व्हायच्या. जुन्या लुगड्याचं अस्तर, वर ठिगळं, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. ते सोसण्यासारखं होतं. मग काकू लेकीच्या बाळंतपणाला पेनसिल्व्हेनियात गेल्या आणि सहा महिन्यांनी 'लॉग केबिन' शिकून आल्या. सोबत पिझ्झा कापायच्या चाकासारखं एक कटर, रेघा मारलेली हिरवी चटई आणि अमेरिकेचा इतिहास. लिंकन ओंडक्यांच्या झोपडीत जन्मला, 1860 च्या दशकात ही नक्षी तिकडे घरोघरी पसरली, मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल, आणि तिच्याभोवती रचलेल्या पट्ट्या म्हणजे ओंडके. चौकोनाची एक बाजू फिक्या पट्ट्यांची, दुसरी गडद. एकीकडे ऊन, एकीकडे सावली. शिवण बरोबर पाव इंच. सुताएवढी हलली तरी शेवटचा ओंडका घराबाहेर जातो.

हे सगळं मला जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना कळलं.

यंदा त्यांनी वसंताची गोधडी काढली. लेकीनं पाठवलेल्या पुस्तकात वसंताचे रंग होते: फिका गुलाबी, लिंबू, पुदिना, लव्हेंडर. काकूंनी ते पान माझ्यापुढे धरलं. "हा वसंत आहे की आइस्क्रीमचं मेनूकार्ड?" त्यांच्या वसंतात पळसाचा केशरी होता, पांगाऱ्याचा लाल, बहाव्याचा पिवळा, तामणाचा जांभळट गुलाबी. कडुनिंबाची पोपटी पालवी चौथ्या मजल्यावरच्या एका पडद्यात सापडली. (पडदा फाटलेला नव्हता. नंतर फाटला. मी साक्षीदार नाही.) फक्त एक रंग मिळेना: आंब्याच्या कोवळ्या पालवीचा, तो तांबूस, ओला वाटणारा. तसा अख्ख्या इमारतीत एकच कपडा होता. माझा हातमागाचा कुर्ता.

चैत्र पाडव्याला: "फाटला की सांग." रामनवमीला: "कोपराशी विरलाय का रे?" एकदा लिफ्टमध्ये मला द्रौपदीची गोष्ट ऐकवली. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रा चिंधी शोधत बसली आणि द्रौपदीनं नेसतं भरजरी वस्त्र फाडलं. मी म्हटलं, "काकू, तुमचं बोट कापलंय का?" दोन दिवस बोलल्या नाहीत. फार सुखाचे दिवस.

मांडणीचं नाव त्यांनी 'बार्न रेझिंग' सांगितलं. तिकडे खेड्यात एकाला कोठार बांधायचं असलं की अख्खं गाव जमून त्याचा सांगाडा दिवसभरात उभा करतं, म्हणे. मला हसू आलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला चार वर्षं लागली. इमारत पाडून नवी बांधायचा ठराव मात्र एकाच सभेत, एकमतानं, चहा यायच्या आत मंजूर झाला. मेअखेर घरं रिकामी करायची आहेत.

परवा काकूंनी मशीनची वायर बघायला बोलावलं. गोधडी जमिनीवर पसरली होती. चार ओळी, ओळीत चार चौकोन. एका चौकोनात वीस पट्ट्या आणि मध्ये लाल चूल. मी उगाच मोजत होतो, आणि वरून दुसऱ्या ओळीत डावीकडे मला काकूंच्याच नऊवारीचा काठ दिसला. त्याच्या वरच्या ओळीत तो पोपटी पडदा. खाली आजोबांचं पांघरूण. आमची इमारत चार मजल्यांची, मजल्यावर चार बिऱ्हाडं. पार्किंगवरून आठ वर्षं एकमेकांशी न बोलणारी तळातली दोन घरं पाव इंचाच्या शिवणीनं जोडलेली होती.

आमच्या घराला एकोणीस पट्ट्या होत्या. बायकोनं दिलेलं फॉलचं कापड, मुलीचा शाळेचा पिनाफोर, आईच्या खणाचा तुकडा. विसाव्या जागी खालची फरशी दिसत होती.

मी म्हटलं, "नव्या इमारतीचीही करणार का?"

"बावीस मजले आहेत रे," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तेवढ्या जणांचे कपडे मला ओळखू यायचे नाहीत."

कुर्त्याचा विषय त्यांनी काढला नाही. वायर ठीक होती, प्लग सैल झाला होता.

घरी येऊन मी कुर्ता उजेडात धरून बघितला. कोपराशी, काखेत, कॉलरला, कुठे काही नाही. मग दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली. पट्टी वाकडी कापली गेली, त्यावरून काकूंनी मला अर्धा तास ऐकवलं.