नाकातलं रिफिल

'कुठं राहता?' असं विचारलं की आमच्याकडचे लोक 'मिगमध्ये' म्हणतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, ओझरला द्राक्षांच्या शेजारी विमानांचा कारखाना आला. मिग-२१चं अंग इथं घडायचं, इंजिन कोरापूटला.

माझे वडील, म्हणजे दादा, त्या अंगाला रिव्हेट ठोकायचे. ठोकून ठोकून त्यांचा एक कान गेला, त्यामुळे आमच्या घरातली गुपितं अर्ध्या कॉलनीला ठाऊक. १४ डिसेंबर १९७१ला मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला, हा विषय निघाला की दादा ताठ बसतात. "त्यातल्या एकात तरी माझे रिव्हेट असणार!" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "असतील हो. बादलीची कडी मात्र दिवाळीपासून निघालीय."

निवृत्तीच्या वेळी त्यांना लाकडी बैठकीवरचं वीतभर ॲल्युमिनियमचं मिग मिळालं. खऱ्या मिगच्या नाकातून लांब सुई निघते, तशी यालाही होती. नातवानं ती पहिल्याच सुट्टीत मोडली. दादांनी तिथं बॉलपेनचं रिफिल बसवलं, तेही निळ्या शाईचं. गेली पंधरा वर्षं हे लढाऊ विमान शोकेसमध्ये, स्टीलचा टी-सेट आणि जेजुरीहून आणलेला भंडाऱ्याचा डबा यांच्यामधे उभं आहे. मोठमोठ्या शहरांत चौथऱ्यांवर खरी मिग चढवून ठेवलेली दिसतात. त्यांच्यावर कबुतरं बसतात. आमच्याकडे आई दर शनिवारी जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसते. जतनाच्या बाबतीत मी तिच्याच बाजूचा.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला वायुदलानं निरोप दिला. बासष्ट वर्षांची नोकरी! दादा टीव्हीसमोर होते, आवाज अर्थातच पूर्ण. कार्यक्रम संपल्यावर काही बोलले नाहीत. मी उगाचच म्हटलं, "दादा, विणकामाची सुई आणतो, रिफिलपेक्षा शोभेल."

"नको. शाई आहे अजून त्यात."

आईनं विमान पुसलं आणि परत ठेवलं. दादा खुर्चीतूनच ओरडले, "अगं, तोंड खिडकीकडे कर! भिंतीकडे काय धावपट्टी आहे?"