दोन्ही दारं उघडी
दहावीचा निकाल लागला की घरात 'जेईई की नीट' यावर खल सुरू होतो. मामा इंजिनिअर, आत्या डॉक्टर, आणि पेपर ज्याला द्यायचाय तो सगळ्यांना चहा देत फिरतो. शेवटी तोडगा निघतो: पीसीएमबी घे, दोन्ही दारं उघडी! म्हणजे इंटिग्रेशनही घोका आणि बेडकाची पचनसंस्थाही. क्लासवाले खूश. क्लासशी टाय-अप असलेलं कॉलेज तर प्रॅक्टिकलपुरतंच दिसतं. एमएचटी-सीईटीचं नाव मात्र 'बॅकअप' म्हणून दबक्या आवाजात घ्यायचं. जेईई मेन आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, इथं कापत नाहीत; म्हणून ती हलकी! पुण्याच्या सीओईपीच्या आणि मुंबईच्या व्हीजेटीआयच्या बहुतेक जागा याच 'हलक्या' सीईटीवर भरतात.