पिकअपखालचा माणूस

पिकअपखाली पाठ टेकून पडलेला माणूस दिसला की रामपायलीत कुणी सरळ पुढे जात नाही. बाजारातून येणारा पिशवी खाली ठेवतो, नदीवरून येणारा खांद्यावरचा दुपट्टा सावरत उकिडवा बसतो आणि वाकून विचारतो, "का झालं जी भाऊ? बंद पडली का?" बंद नाही पडली, ऑइल बदलतो आहे, असं खालून सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावरची सहानुभूती जाते आणि तिथे संशय येतो. धडधाकट गाडीखाली शहाणा माणूस कशाला शिरेल?

आमच्या भागात पिकअप म्हणजे घरातलं कर्तं माणूस. पाटीवर 'एमपी 50' म्हणजे बालाघाट, पण केबिनमधली भाषा अजून 1956 च्या आधीची आहे. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. राजधानी भोपाळला गेली, शिव्या मात्र मराठीतच राहिल्या. दिवाळीनंतर धान चुरून झालं की पिकअपला उसंत नसते. पोती वारासिवनीला, कोंडा घरी, परतीच्या वाटेवर खताच्या थैल्या, सिमेंट आणि रस्त्यात भेटलेली दोन-चार ओळखीची माणसं. कार्तिक पौर्णिमेला राम-बालाजीच्या देवळाची जत्रा भरते तेव्हा हीच गाडी पाळण्यांचे लोखंडी भाग आणते. पुढे लग्नसराई लागली की तिच्यावरच मंडपाचे बांबू आणि वऱ्हाड. किती वजन न्यायचं ते कागदावर लिहिलेलं आहे, पण कागद केबिनमध्ये असतो आणि पोती मागे, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो पाठीवर वाहणाऱ्या पिकअपला कुणी नारळसुद्धा दिला नाही.

तिला काय हवं असतं? वेळेवर डिझेल, अधूनमधून हवा आणि ठरल्या वेळी स्वच्छ ऑइल. पुस्तिकेत याचे किलोमीटर दिलेले असतात आणि पुढे 'किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं बजावलेलं असतं. गावात बऱ्याच गाड्यांचे मीटर कुठल्या तरी पावसाळ्यातच थांबलेले, म्हणून इथे ऑइल पंचांगावर बदलतं: रोवणी आटोपल्यावर एकदा आणि धान विकून झाल्यावर एकदा. ही पद्धत अडाणी वाटते, पण पुस्तिकेशी तिचं फारसं भांडण नाही. इंजिन नीट तापायच्या आत बंद करायचं, पुन्हा भार लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटायचं, वर बांधावरची धूळ, ही चाल ऑइलला लांबच्या प्रवासापेक्षा जड जाते. तेव्हा किलोमीटर कमी दिसले तरी सुगीच्या हिशेबाने ऑइल बदललेलं बरं.

आणि यात नवीन काय आहे? आमच्या आजोबांच्या बंडीला ओंगणाची नळी टांगलेली असायची. एरंडीच्या तेलात भिजलेली चिंधी आसाला फिरवायची आणि मगच चाक जत्रेच्या वाटेला लागायचं. 'बंडी ओंगायला दिली आहे, संध्याकाळी मिळेल' असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. पुढे हेच एरंडेल साहेबाच्या इंजिनातही गेलं. लंडनच्या वेकफिल्ड कंपनीने 1909 च्या सुमारास एरंडेल मिसळलेलं कॅस्ट्रॉल बाजारात आणलं, आणि पहिल्या महायुद्धातल्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांच्या विमानांत एरंडेलच वापरायचे. त्या इंजिनांतून उडणारे तेलाचे तुषार वैमानिकांच्या पोटात जात आणि एरंडेलाने पोटात जे व्हायचं ते आकाशात होई. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने त्यांना आधीच सावध केलं असतं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन थोडं चालवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट उतरतं. उकळतं नको, हात आपलाच असतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र खाली जाऊ नये. पिकअप उंच असते, जॅकशिवायही माणूस मावतो. पोट सुटलेला असेल तर श्वास सोडून मावतो. मग चेंबरचा नट शोधायचा आणि रिंग पान्याने ढिला करायचा. इथे पहिला वाद. खालून वर बघताना डावं-उजवं उलटं होतं, असं उकिडवे बसलेले सगळे सांगतात आणि प्रत्येकाचं उलटं वेगळ्या बाजूला असतं. नटाकडे तोंड करून घड्याळाच्या उलट फिरवायचा, एवढं धरून ठेवलं की बाकीच्यांना बोलू द्यावं. नट सुटला की ऑइलची धार आधी लांब पडते आणि पातळी उतरेल तशी मागे येते. टोपलं तिच्याबरोबर सरकवावं लागतं. वरचे प्रेक्षक या क्षणी एकदम गप्प होतात.

फिल्टर सोडवताना मात्र सगळ्यांना कंठ फुटतो. आधीच्या मिस्त्रीने तो अंगातलं सगळं बळ लावून आवळलेला असतो. कुणी सांगतं चेन पाना लावा, कुणी म्हणतं पेचकस आरपार ठोका. ठोकून फिल्टर फाटतो आणि जिथला तिथे राहतो, म्हणून पट्ट्याचा पाना बरा. फिल्टरचा उगम 1923 च्या सुमारास अमेरिकेत झाला. त्याआधी इंजिनातला कचरा इंजिनातच फिरायचा. आतमध्ये घडी घातलेला कागद असतो, आणि तो तुंबलाच तर ऑइलला बगल देणारी झडपही असते, कारण इंजिनाला कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल परवडतं. हा विचार मला माणसांच्या जगातही फार समंजस वाटतो. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, हाताने फिरवत टेकवायचा आणि वर पाऊण फेरा. पाना नको. आज जो पाना लावतो त्याच्याच नावाने पुढच्या हंगामात खालून उद्धार होतो. चेंबरच्या नटाला तांब्याचा वॉशर नवा घालावा. तो इतका स्वस्त आहे की दुकानदाराला द्यायचीच लाज वाटते, म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

कुठलं ऑइल, हा दुसरा वाद. डब्यावर 15डब्ल्यू-40 लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू थंडीचा आहे, आणि 15 हा आकडा ज्या चाचणीतून येतो त्यात इंजिन फिरवून बघतात ते उणे 20 अंशांवर. रामपायलीत पौषातल्या पहाटे चंदन नदीवर धुकं उतरतं, लोक कानटोप्या घालून शेकोटीला चिकटतात, पण उणे 20 ची वेळ रामरायाने आणलेली नाही. आपल्या कामाचा आकडा 40. इंजिन तापून 100 अंशांवर आलं तरी ऑइल किती घट्ट राहील ते तो सांगतो, आणि मे महिन्यात पोती लादल्यावर हवं असतं तेच.

ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं, तेलाच्या झारीचा लाल दिवा विझला, खालून काही ठिबकत नाही. मग थोडं थांबून पट्टी काढून बघायची. पट्टीवर ऑइल मधासारखं दिसतं आणि माणूस उगाच सुखावतो. हे सुख थोडक्या दिवसांचं. पुढच्या आठवड्यात शेजारचे काका पट्टी ओढतात आणि निकाल देतात, "काळं पडलं जी! भेसळ आहे यात." भेसळ नसते. डिझेल इंजिनाची काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतं, ती धातूवर बसू देत नाही, म्हणूनच ते काळं होतं. डिझेल गाडीत महिनोन्महिने सोनेरी राहणाऱ्या ऑइलचा उलट मला संशय येईल. पण काकांना हे पटवण्यापेक्षा फिल्टर सोडवणं सोपं.

पैसे वाचतात का? मजुरीचे वाचतात आणि त्यांचा चहा होतो, कारण इतकी माणसं इतका वेळ उकिडवी बसवून ठेवायची तर चहा द्यावाच लागतो. हिशेब केला तर गॅरेज थोडं स्वस्त पडेल. पण गॅरेजात ऑइलबरोबर खालची बातमी कळत नाही. खाली गेल्यावर दिसतं की पाट्याचा एक क्लॅम्प ढिला आहे, ब्रेकचा पाइप फ्रेमला घासतो आहे, बुटाचं रबर तडकलं आहे. मिस्त्रीलाही ते दिसत असतं, पण त्याच्या दारात सहा गाड्या उभ्या असतात आणि त्याला विचारलं फक्त ऑइलचं असतं.

खरी अडचण शेवटी येते. नवं ऑइल देणारे पन्नास, जुनं घेणारा कुणी नाही, असं वाटत असतानाच प्रेक्षकांपैकी एकेकाच्या पिशवीतून बाटली निघते. तेव्हा उलगडा होतो की ही मंडळी इतका वेळ कशासाठी थांबली होती. एकाला गोठ्याच्या खांबांची वाळवी मारायची आहे, एकाला सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायचं आहे, एकाच्या घरी अजून बंडी आहे. नाही म्हणणं फार जड जातं. गावात पाणी आणि काळं ऑइल कुणाला नाकारत नाहीत. तरी मी नाकारतो आणि वाईटपणा घेतो. गोठ्याचे खांब गुरं चाटतात. त्या काळ्या तेलात झिजलेल्या धातूचा अंश असतो, जळक्या डिझेलची घाण असते, आणि ती हातालाही वारंवार लागू देऊ नये अशी असते. बांधीत किंवा नाल्यात ओतलेलं पावसाबरोबर चंदनमध्ये जातं आणि चंदनमधून वैनगंगेत. सरकारी नियमांत जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकली आहे. ते शुद्ध होतं, कारण ऑइल स्वतः फारसं झिजत नाही. ते मळतं आणि त्यातली औषधं संपतात. नियम रामपायलीच्या गल्लीपर्यंत पोचेपर्यंत काळं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवावं आणि पुढच्या खेपेला वारासिवनीत किंवा गोंदियाला जिथे जुन्या ऑइलचा पिंप ठेवतात अशा मोठ्या गॅरेजात द्यावं. तो पिंप कोण उचलतं तेही विचारून घ्यावं. पाणी, रॉकेल काही मिसळू नये, नाहीतर घेणारा परत पाठवतो.

आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याच्या बुडाला खिळ्याने दोन भोकं पाडा. नाहीतर त्याच डब्यात भरलेलं कुणाचं तरी काळं ऑइल, गाळून आणि सील लावून, पुढच्या हंगामात तुम्हीच नवं म्हणून विकत आणाल.