एमडीवाल्यांना खुले पत्र

एमडी बनवणाऱ्यांनो,

तुम्हाला स. न. वि. वि. नाही. एकच विचारायचे आहे : आमची पोरे तुम्हाला एवढी स्वस्त का वाटली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली, सांगली मिळून १,७०० किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजेच तुमचे एमडी हे अमली द्रव्य, हाती लागले. किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे. छाती होती तर फाटकावर खरी पाटी लावायची होतीत : ‘येथे विष तयार होते.’ कुरकुंभवरूनच दौंड-बारामती रस्ता जातो. त्या रस्त्याने मुले बारामतीच्या कॉलेजांत येतात. उसाच्या बिलातून फी भरलेली असते. रसायनशास्त्र तीही शिकतात, औषध कंपनीत नोकरी लागावी म्हणून. तुम्ही त्या विद्येला काय करायला लावलेत?

‘एवढ्याने देशाचे काय बिघडते,’ असे म्हणत असाल तर कोलंबियाकडे बघा. कोकेनच्या पैशावर तिथे बंडखोरांच्या फौजा पोसल्या गेल्या. मग २००० पासून तिथल्या सरकारला अमेरिकेची मदत आली : हेलिकॉप्टर, लष्करी प्रशिक्षण, कोकेन ज्यापासून बनते त्या कोकाच्या पिकावर विमानातून तणनाशक. दीड दशकात सुमारे १० अब्ज डॉलर खर्ची पडले. तो फवारा गरिबाच्या मक्यावर आणि केळीवरही पडला. २०१६ मध्ये ‘फार्क’ या सर्वांत मोठ्या बंडखोर संघटनेशी शांतता करार झाला, पण कोका हटला नाही. २००० साली तो सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टरवर होता, २०२३ साली २ लाख ५३ हजारांवर गेला. परक्याच्या हेलिकॉप्टरला शेत दिसते. तुमच्यासारख्यांचा नफा दिसत नाही.

आमच्यावर ती वेळ येईपर्यंत आम्ही थांबणार नाही. रात्रीच चालणारी शेड, उग्र वास, पाटीवरच्या मालाशी न जुळणारे बॅरल हे शेजारच्या कामगाराला दिसते, टेम्पोवाल्याला दिसते, गाळा भाड्याने देणाऱ्या मालकालाही दिसते. त्या सगळ्यांना आम्ही १९३३ हा अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक सांगत आहोत. नाव न देताही तिथे कळवता येते.

‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून लोक मान वळवतात, त्यावरच तुमचा धंदा उभा आहे. यापुढे आम्ही मान वळवणार नाही.

— बारामतीतला एक पालक