पुढच्या ब्रेकला हात लावू नको

बीड जिल्ह्यात पोरगं मोटारसायकल शिकतं तेव्हा क्लच-गिअर त्याला कुणी समजावून सांगत नाही. ते बघून बघून येतं. बापाकडून किंवा चुलत्याकडून मंत्र मात्र मिळतो: "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर आपटशील." मला तो राजदूतवर मिळाला. पुढे मास्तर झालो, अपडाऊनला सीडी हंड्रेड आली आणि 'सर बरं बोलतात' म्हणून रस्ता सुरक्षा सप्ताहाचं भाषण गळ्यात पडलं. ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. 2021 साली तर सप्ताहाचा महिना झाला. भाषण तेच राहिलं, हार-नारळ तेवढे वाढले.

शिकवायला वेळ लागत नाही हो. वेळ जातो तो घरून शिकून आलेलं काढण्यात.

हेल्मेटचंच घ्या. 1988च्या कायद्याचं कलम 129 डोक्याबद्दल बोलतं. आमच्याकडे हेल्मेट आरशाला, कोपराला नाहीतर टाकीला घालतात. गेवराईच्या बाजारात एकाच्या हेल्मेटात वांगी पाहिली. सांडू नयेत म्हणून त्याने खालचा पट्टा नीट आवळून लावला होता. पट्टा लावलेलं हेल्मेट त्या दिवशी बाजारात तेवढंच. 'केस जातात' ही तक्रार मात्र ज्याचे आधीच गेलेत तोच हमखास करतो.

मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरायचा तर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, ही आमची पिढीजात काटकसर. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम तापला की ब्रेक दाबूनही गाडी ऐकत नाही. हे मी फळ्यावर चित्र काढून सांगायचो. मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "पण सर, पेट्रोल किती वाचतं?" वाचलेल्या पेट्रोलचे पैसे खाली उतरल्यावर चहा-भज्यांत जातात, ते कुणी हिशेबात धरत नाही.

दिवाळी झाली की माजलगावच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. मागे दोन ट्रॉल्या, गाणी जोरात, दिवा नाही. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पळते. म्हणजे समोर काहीतरी आहे, हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ऊस 265 जातीचा आहे की 86032, हे ओळखण्याइतके आपण जवळ पोचलेलो असतो.

आणि अशा वेळी बापाचा मंत्र घेतलेला पठ्ठ्या नुसता मागचा ब्रेक दाबणार! ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. गाडी खरी थांबवतो तो पुढचाच. वळणावर किंवा वाळूवर तो एकदम कचकन दाबला तर पडणारच, पण सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा दमादमानं आवळत लावायचा. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून मी हे करून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची आणि घरी जाताना पुन्हा मागच्यावरच. काहींनी तर पुढची वायरच सैल करून घेतलेली, चुकून हात लागू नये म्हणून.

शेवटी इलाज सरकारनेच केला. एप्रिल 2019पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला. त्यात पायाने मागचा दाबला की पुढचाही आपोआप थोडा लागतो.

आमच्या गल्लीतल्या आप्पांनी तशीच गाडी घेतली. परवा पारावर मला सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुम्ही लाख सांगा. आजवर पुढच्या ब्रेकला बोट लावलं न्हाई. ही नवी गाडी बघा, मागच्या एकट्यावर कशी जागच्या जागी हुबी ऱ्हाती!"

"व्हय आप्पा, मागचा लई भारी हाय," म्हटलं. खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या आत मेस्त्रीकडे जाऊन त्यांनी ती जोडणी काढून टाकली असती.